तंत्रज्ञानाच्या बातम्यांवरची सहा मतं: तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने तंत्रज्ञानाच्या बातम्यांवरची आपली मतं लिहिली आहेत. ती बरोबर आहेत का आणि कॅम्पस मुलाखतीत मांडली तर टिकतील का, असं त्याने विचारलं आहे. त्याची मतं अशी: क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीमुळे जगभर संगणक बंद पडले तो विंडोजचा दोष होता, आणि कोड रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत असता तर ते घडलंच नसतं. डीपसीक हे चिनी एआय मॉडेल साठ लाख डॉलरांत तयार झालं आणि त्याची ७बी आवृत्ती त्याच्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवरही चालते, म्हणजे एआयला लागणाऱ्या महागड्या जीपीयू चिपांची गरज नाही. यूपीआयवर बॅलन्स बघायला ५० वेळांची मर्यादा घालण्यापेक्षा सर्व्हर वाढवायला हवे होते. क्वांटम कॉम्प्युटर दोन वर्षांत सगळे पासवर्ड फोडणार. एआय कोड लिहितं, तेव्हा डेटा स्ट्रक्चर्स घोकून उपयोग नाही. आणि विंडोज १० चा आधार संपला, तर मामांच्या शिरोलीतल्या फाउंड्रीतले, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातले, सगळे पीसी लिनक्सवर न्यावेत का?

उत्तर:

तुझी बहुतेक मतं एखाद्या नावाला चिकटलेली आहेत: विंडोज, रस्ट, डीपसीक, क्वांटम. मथळ्यात नाव मोठं असतं, म्हणून मतही नावावर बनतं. पण उद्या तुला यंत्रणा चालवायच्या असतील तर बातमी वाचताना तीन गोष्टी शोधायच्या: नेमकं काय बदललं, तो बदल चालू यंत्रणेपर्यंत कोणत्या वाटेने पोचला, आणि त्या वाटेत त्याला अडवू शकेल असं काय होतं. मुलाखत घेणारा चांगला अभियंताही हेच ऐकायला बसलेला असतो. तुझ्या यादीतली पहिली बातमी यासाठी सगळ्यात उपयोगी आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

१९ जुलै २०२४ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइकने आपल्या फाल्कन या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी 'चॅनल फाइल २९१' नावाची एक फाइल पाठवली. १०.५७ ला ती मागे घेतली. या ७८ मिनिटांत जी विंडोज मशीन चालू आणि इंटरनेटला जोडलेली होती, त्यांनी ती उतरवली आणि ती कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार अशी मशीन ८५ लाख होती. हा आकडा सगळ्या विंडोज मशीनच्या एक टक्क्याहून कमी आहे, पण त्यात विमानतळ, रुग्णालयं आणि बँका होत्या. त्या दिवशी आपल्याकडच्या विमानतळांवरही हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

आता मूळ कारण बघ. कंपनीचा सविस्तर अहवाल ६ ऑगस्ट २०२४ ला आला आणि तो तू पूर्ण वाचावास. फाल्कनचा मुख्य भाग कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चालतो. नव्या हल्ल्यांची ओळख पटवायला त्याला सतत छोट्या नियमांच्या फाइली पाठवल्या जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियमांचा एक नवा प्रकार आला, त्याच्या व्याख्येत २१ रकाने होते. पण कर्नलमधला कोड माहिती देताना २० च रकाने भरत होता. तरीही महिनोन्महिने काही बिघडलं नाही, कारण तोवरच्या प्रत्येक नियमात एकविसाव्या रकान्याला 'काहीही चालेल' अशी खूण होती. त्यामुळे तो रकाना कधी वाचलाच जात नव्हता. १९ जुलैच्या फाइलीत पहिल्यांदा त्या रकान्याला ठरावीक किंमत तपासायची अट आली. कोडने वीस पॉइंटरच्या (मेमरीतल्या पत्त्यांच्या) ॲरेत, म्हणजे यादीत, एकविसावा पॉइंटर वाचला, जे हाती लागलं त्याला पत्ता समजून तिथली मेमरी उघडायला गेला, आणि कर्नल कोसळला. ड्रायव्हर बूटच्या वेळीच चढणारा असल्याने मशीन पुन्हा सुरू केलं तरी पुन्हा कोसळायचं. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसायची. पण हे प्रत्येक मशीनजवळ बसून करावं लागलं, आणि डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की लागायची. ज्यांच्या कीज ठेवलेला सर्व्हरही बंद पडला होता, त्यांची सगळ्यात जास्त अडचण झाली.

यात विंडोजचा दोष किती? थोडा आहे, आणि तो नेमका सांगता यायला हवा. विंडोजवर सुरक्षा कंपन्यांना कर्नलमध्ये शिरू दिलं जात होतं. ॲपलने मॅकवर २०१९ पासून अशा सॉफ्टवेअरसाठी कर्नलबाहेरची सोय दिली. लिनक्सवर ईबीपीएफ आहे, ज्यात कर्नलमध्ये चढणारा छोटा प्रोग्रॅम आधी तपासून घेतला जातो. पण 'विंडोज वाईट, लिनक्स चांगलं' इथे थांबलास तर अडचणीत येशील, कारण त्याच वर्षी याच सॉफ्टवेअरमुळे रेड हॅट लिनक्सच्या काही सर्व्हरवर कर्नल पॅनिक झाल्याची, म्हणजे कर्नल कोसळल्याची, नोंद आहे.

आणि रस्ट? याचं उत्तर द्यायला दुसरी बातमी हाताशी आहे. १८ नोव्हेंबर २०२५ ला भारतीय वेळेनुसार दुपारी ४.५० च्या सुमारास क्लाउडफ्लेअर, म्हणजे असंख्य साइट्सची वाहतूक जिच्यातून जाते ती कंपनी, अडखळली आणि जगभरातल्या त्या साइट्सवर सर्व्हर बिघडल्याची '५००' ही चूक दिसू लागली. तिथे कोसळलेला कोड रस्टमधलाच होता. क्लाउडफ्लेअर दर पाच मिनिटांनी एक फाइल तयार करतं, तिच्यात बॉट (माणसाऐवजी साइट उघडणारे प्रोग्रॅम) ओळखण्यासाठीची वैशिष्ट्यं असतात, आणि ती सगळ्या सर्व्हरवर जाते. त्या दिवशी डेटाबेसच्या परवानग्यांत एक बदल झाला. फाइल बनवणाऱ्या क्वेरीत डेटाबेसचं नाव लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे नव्या परवानग्यांमुळे दिसू लागलेल्या दुसऱ्या डेटाबेसमधले तेच रकाने पुन्हा आले आणि फाइल फुगली. सर्व्हरवरच्या कोडमध्ये २०० वैशिष्ट्यांची कमाल मर्यादा होती, एरवी वापरात साधारण ६० असायची. मर्यादा ओलांडली, फंक्शनने चूक परत केली, आणि पुढच्या ओळीत 'अनरॅप' होतं. अनरॅप म्हणजे 'इथे चूक येणारच नाही' असं कंपायलरला दिलेलं आश्वासन. ते खोटं ठरलं की प्रोग्रॅम पॅनिक होतो, म्हणजे तिथेच बंद पडतो. डेटाबेसच्या क्लस्टरवर बदल हळूहळू चढत होता, म्हणून दर पाच मिनिटांनी कधी चांगली तर कधी बिघडलेली फाइल तयार व्हायची आणि सेवा येत-जात राहायची. यामुळे सुरुवातीला त्यांच्या लोकांना बाहेरून हल्ला होतोय असं वाटलं. मुख्य वाहतूक रात्री आठच्या सुमारास सुरळीत झाली, बाकीचं साडेदहा उलटून गेल्यावर.

दोन्ही घटना शेजारी ठेव. एक सी++ मधली, एक रस्टमधली. दोन्हीकडे बदललेली होती ती आपणच बनवलेली एक डेटा फाइल. ती 'कोड नाही, नुसती माहिती आहे' म्हणून कोडला लागणाऱ्या तपासण्यांतून सुटली, आणि एकदम जगभर गेली. रस्टने इथे काय दिलं? नको त्या मेमरीत हात घालण्याऐवजी प्रोग्रॅम जागच्या जागी थांबला. हा फायदा खरा आहे, आणि सुरक्षेच्या दृष्टीने फार मोठा आहे. मायक्रोसॉफ्ट आणि क्रोम ब्राउझरचा मूळ प्रकल्प क्रोमियम या दोघांनीही आपल्या गंभीर सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांमुळे असल्याचं जाहीर केलं आहे. अँड्रॉइडमध्ये नवा कोड मेमरी-सुरक्षित भाषांत लिहायला लागल्यावर हे प्रमाण २०१९ च्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. पण थांबलेला प्रोग्रॅमसुद्धा ग्राहकाच्या दृष्टीने बंदच असतो. क्लाउडफ्लेअरच्या जुन्या इंजिनवर तर तीच फाइल गेल्यावर पॅनिक झालंच नाही. तिथे सगळ्यांचा बॉट-गुण शून्य येऊ लागला आणि खरी माणसंही बॉट ठरायची वेळ आली. गुपचूप चुकीचं उत्तर देणं हे थांबण्याहून बरं की वाईट, हा विचार प्रत्येक यंत्रणेत वेगळा करावा लागतो.

हे लॅबमध्ये एका दुपारी करून बघता येतं. सी मध्ये वीस पॉइंटरचा ॲरे घे, कितवा घटक वाचायचा तो आकडा कमांड लाइनवरून घे, म्हणजे कंपायलरला आधी कळणार नाही. शून्यापासून मोजणी असल्याने २० दिलास की एकविसावा घटक वाचला जाईल. जीसीसी या कंपायलरने साधं कंपाइल करून पाच-सहा वेळा चालव: कधी कचरा छापेल, कधी सेगमेंटेशन फॉल्ट येईल, कधी काहीच दिसणार नाही. हे 'काहीच दिसणार नाही' सगळ्यात धोक्याचं, कारण चाचणी पास झाल्यासारखी वाटते. मग मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर चालू करून पुन्हा कंपाइल कर, चुकीची नेमकी ओळ दाखवेल. हेच रस्टमध्ये 'गेट' आणि अनरॅप वापरून लिही, आकडे एका फाइलमधून वाच, पॅनिक होईल. आता चौथी पायरी, जी बहुतेक विद्यार्थी करत नाहीत: अनरॅप काढ, चूक आली तर आधीची चालू असलेली फाइलच वापरत राहा आणि लॉगमध्ये मोठ्याने ओरड, असं लिही. तिथपर्यंत पोचलास की रस्टवरचं तुझं मत तुझं स्वतःचं असेल.

मुलाखतीत पुढचा प्रश्न येईल तो रोलआउटचा, म्हणजे बदल ग्राहकांपर्यंत कसा पोचवायचा याचा. उत्तर असं: फाइल बनवणाऱ्या यंत्राची तपासणी पुरेशी नसते, कारण क्राउडस्ट्राइकच्या तपासणी सॉफ्टवेअरनेही ती फाइल बरोबर ठरवली होती. ग्राहकाकडे जो कोड चालतो त्याच कोडवर ती फाइल चढवून बघायची. मग आपल्याच मशीनवर, मग एक टक्का ग्राहकांवर. तिथे काही वेळ थांबायचं, कोसळण्याचं प्रमाण बघायचं, ते वाढलं तर माणसाची वाट न बघता आपोआप मागे फिरायचं. किती वेळ थांबायचं ते मशीन किती वेळाने रीबूट होतं आणि तक्रार तुमच्यापर्यंत किती वेळात येते त्यावर ठरतं. सुरक्षा कंपन्यांना इथे खरी ओढाताण असते, नवा हल्ला सुरू असताना दोन दिवस थांबता येत नाही. पण एक टक्क्यावर पंधरा मिनिटं थांबायला काहीच अडचण नव्हती.

डीपसीककडे वळू. साठ लाखांचा आकडा खोटा नाही, पण तो कशाचा आहे ते त्यांच्या डिसेंबर २०२४ च्या व्ही३ अहवालातच लिहिलेलं आहे. एनव्हिडियाच्या एच८०० जीपीयूचे २७ लाख ८८ हजार तास, भाडं तासाला दोन डॉलर धरलं, गुणाकार ५५ लाख ७६ हजार डॉलर. म्हणजे हे एका शेवटच्या प्रशिक्षणाचं गृहीत धरलेलं भाडं झालं. आधीचं संशोधन, फसलेले प्रयोग आणि छोट्या चाचण्या यात धरलेल्या नाहीत, असं त्याच परिच्छेदात स्पष्ट म्हटलं आहे. पगार आणि यंत्रसामग्रीची खरेदीही त्यात नाही. त्यांच्या क्लस्टरमध्ये २,०४८ जीपीयू होते. तासांना त्या संख्येने भाग, १,३६१ तास येतात, म्हणजे साधारण ५७ दिवस. हा हिशोब स्वतः करून बघायची सवय लागली की अर्ध्या बातम्या तिथेच स्वच्छ होतात. ही बातमी बाजारात पसरली तेव्हा २७ जानेवारी २०२५ या एका दिवसात एनव्हिडियाचं बाजारमूल्य सुमारे ५८९ अब्ज डॉलरनी घसरलं. अहवाल मात्र महिनाभर आधीपासून सगळ्यांसाठी खुला होता.

तुझ्या लॅपटॉपवर जे चाललं ते डीपसीकचं मोठं मॉडेल नव्हे. ओलामा या मॉडेल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'शो' कमांड देऊन त्या ७बी मॉडेलची माहिती काढ: आर्किटेक्चरच्या पुढे क्वेन लिहिलेलं दिसेल. ते अलीबाबाचं छोटं मॉडेल आहे, डीपसीकच्या आर१ या मोठ्या मॉडेलने तयार केलेल्या सुमारे आठ लाख नमुन्यांवर पुन्हा शिकवलेलं. खऱ्या आर१ मध्ये ६७१ अब्ज पॅरामीटर, म्हणजे शिकून ठरलेले आकडे, आहेत. प्रत्येक टोकनला (शब्दाच्या तुकड्याला) त्यातले ३७ अब्जच वापरले जातात हे खरं, पण कुठले लागतील ते आधी माहीत नसल्याने सगळे मेमरीत ठेवावे लागतात. आकाराचं गणित सोपं आहे: पॅरामीटर गुणिले बिट भागिले आठ. ७.६ अब्ज पॅरामीटर चार बिटांवर आणले की ३.८ जीबी, काही थर जास्त बिटांवर ठेवल्याने प्रत्यक्ष फाइल ४.७ जीबीची. ६७१ अब्ज आठ बिटांवर म्हणजे ६७१ जीबी. तुझ्या आठ जीबीत पहिलं बसतं, ब्राउझर बंद ठेवलास तर.

वेगही आधीच काढता येतो. तुझ्या छोट्या मॉडेलला प्रत्येक टोकन लिहिताना सगळे पॅरामीटर एकदा मेमरीतून वाचावे लागतात, म्हणून मेमरीचा वेग भागिले फाइलचा आकार ही वरची मर्यादा. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमची एकच पट्टी असेल तर सेकंदाला २५.६ जीबी, म्हणजे जास्तीत जास्त पाच टोकन. स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुतेकदा एकच पट्टी येते. दुसऱ्या स्लॉटमध्ये तशीच पट्टी टाकलीस तर ड्युअल चॅनल होऊन वेग जवळपास दुप्पट होतो, प्रोसेसर तोच राहून. राजारामपुरीत किंवा कुठेही रॅम घेताना वेग आणि व्होल्टेज जुन्या पट्टीशी जुळवून घे, आणि काही लॅपटॉपमध्ये एक रॅम बोर्डालाच झाळलेली असते ते आधी बघ. संवाद लांबला की केव्ही कॅश, म्हणजे आधीच्या संवादाची साठवण, हीही मेमरी खाते. ती स्वॅपमध्ये, म्हणजे रॅम भरल्यावर डिस्कवर, गेली की टोकनला सेकंद लागायला लागतात, तेव्हा मॉडेलला दोष देऊ नकोस.

यूपीआयबद्दल तुझं मत ऐकायला बरोबर वाटतं, पण अडचण कुठे आहे ते चुकलंय. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवर दिवसाला ५० वेळा बॅलन्स बघता येतो. बॅलन्सची विचारणा शेवटी तुझ्या बँकेच्या कोअर बँकिंगपर्यंत, म्हणजे खाती ठेवणाऱ्या मुख्य यंत्रणेपर्यंत, जाते. लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराने प्रत्येक गिऱ्हाइकामागे 'पैसे आले का' म्हणून बॅलन्स बघितला, तर प्रत्येक व्यवहारामागे बँकेवर एक फुकटची फेरी पडते. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने आपले सर्व्हर कितीही वाढवले तरी ती फेरी कमी होत नाही. याहून मोठं कारण 'व्यवहाराचं काय झालं' या विचारणेचं आहे. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय काही तास अडखळलं, त्यामागे बँकांकडून आलेला अशाच विचारणांचा पूर होता.

आकडे मांडून बघ. मे २०२५ मध्ये १,८६८ कोटी व्यवहार झाले, म्हणजे सरासरी सेकंदाला सुमारे सात हजार. समज, त्यातले पाच टक्के अडकले: सेकंदाला साडेतीनशे. प्रत्येक अडकलेल्या व्यवहारासाठी ॲप दर पाच सेकंदांनी दोन मिनिटं विचारत राहिलं तर २४ विचारणा. ३५० गुणिले २४, सेकंदाला ८,४०० जादा विनंत्या. मूळ कामापेक्षा चौकश्याच जास्त झाल्या! त्यामुळे आणखी व्यवहार अडकतात आणि चौकश्या आणखी वाढतात. मूळ बिघाड दुरुस्त झाला तरी हे चक्र थांबत नाही. म्हणून विचारणा जास्तीत जास्त तीनदा, आणि दोन विचारणांमध्ये ९० सेकंद, असा नियम आला. सर्व्हर वाढवणं इथे फार तर चक्र उशिरा सुरू करतं.

तुझ्या प्रोजेक्टमध्ये पेमेंट गेटवे असेल तर आजच कोड उघडून बघ. ठरावीक अंतराने पुन्हा प्रयत्न करणारं लूप असेल तर बदल: एक, दोन, चार, आठ सेकंद असं अंतर दुपटीने वाढव, प्रत्येक अंतरात थोडी यादृच्छिक भर घाल, म्हणजे सगळी मशीन एकाच क्षणी परत धडकणार नाहीत, आणि पाच प्रयत्नांनंतर थांब. प्रत्येक व्यवहाराला आपला एक क्रमांक दे आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे पुन्हा न कापता जुनंच उत्तर परत कर. यादृच्छिक भर विसरणारे पुष्कळ असतात. लोड टेस्टमध्ये ते दिसत नाही, कारण तिथे सगळे क्लायंट एकाच वेळी अडकत नाहीत.

क्वांटमचं थोडक्यात सांगतो. गुगलच्या विलो चिपवर १०५ क्युबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचे बिट, आहेत. डिसेंबर २०२४ च्या त्या घोषणेतली महत्त्वाची गोष्ट अशी होती, की क्युबिट वाढवले तसा चुकीचा दर कमी झाला. सुपरकॉम्प्युटरला अब्जावधी वर्षांहूनही जास्त काळ लागेल ही त्या घोषणेतली तुलना ज्या गणितावर होती त्याचा कुलपं फोडण्याशी संबंध नाही. आरएसए-२०४८ हे आज वापरात असलेलं कुलूप फोडायला दोन कोटी क्युबिट लागतील असा अंदाज २०१९ मध्ये होता, मे २०२५ मध्ये तो दहा लाखांच्या आत आला. अंदाज झपाट्याने खाली येतोय, म्हणून तयारी आत्ताच चालू आहे. नीट साठवलेले, म्हणजे हॅश केलेले (उलट फिरवता न येणाऱ्या रूपातले) पासवर्ड आरएसए फोडणाऱ्या या अल्गोरिदमने फुटत नाहीत. धोका आहे तो किल्ल्यांच्या देवाणघेवाणीला आणि डिजिटल सह्यांना. देवाणघेवाणीची घाई जास्त, कारण आज टिपून ठेवलेली माहिती उद्या उघडता येईल. अमेरिकेची मानक संस्था एनआयएसटीने १३ ऑगस्ट २०२४ ला क्वांटमपुढे टिकणारी तीन मानकं प्रसिद्ध केली, त्यातलं एमएल-केईएम किल्ल्यांच्या देवाणघेवाणीसाठी आहे. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये सिक्युरिटीचं पान उघडून एखाद्या मोठ्या साइटची की एक्स्चेंज बघ, तिथे एमएलकेईएम हे नाव आजही सापडेल. प्रत्यक्षात त्रास येतो तो आकाराचा: जुनी सार्वजनिक किल्ली ३२ बाइटची, नवी १,१८४ ची. त्यामुळे जोडणीचा पहिलाच संदेश एका पॅकेटमध्ये मावत नाही, आणि काही जुन्या फायरवॉल तो अर्धवट समजून टाकून देतात. कॉलेजच्या नेटवर्कवर एखादी साइट उघडत नाही पण मोबाइल डेटावर उघडते, असं झालं तर हेही कारण तपासण्यासारखं आहे. तेव्हा क्रिप्टोग्राफी सोडू नकोस. हे सगळं बदलायचं काम पुढची दहा वर्षं पुरेल.

एआयबद्दल. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुंदर पिचाई म्हणाले होते, की गुगलमधल्या नव्या कोडपैकी पाव भागाहून जास्त एआय तयार करतं आणि मग अभियंते तो तपासून स्वीकारतात. मथळ्यात पहिला अर्धा भाग आला. तुझी नोकरी दुसऱ्या अर्ध्यात आहे. जुलै २०२५ मध्ये मेटर या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रामरना २४६ कामं दिली. एआय वापरून त्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला, आणि आपण २० टक्के लवकर संपवलं असं त्यांना स्वतःला वाटत होतं. प्रयोग छोटा आहे, साधनं त्या वेळची आहेत, लोक आपापल्या जुन्या ओळखीच्या कोडवर काम करत होते. म्हणून यावरून एआय निरुपयोगी आहे असं म्हणता येत नाही. घड्याळ लावल्याशिवाय स्वतःच्या वेगाबद्दल बोलू नये, एवढं नक्की म्हणता येतं. डेटा स्ट्रक्चर्स घोकायला मीही सांगणार नाही. पण एआयने दिलेल्या कोडमध्ये यादीत शोधणारं लूप दुसऱ्या लूपच्या आत बसलंय, आणि शंभर नोंदींवर झटकन चालणारा कोड दोन लाख नोंदींवर अडकणार आहे, हे वाचताक्षणी दिसण्यासाठी तोच अभ्यास लागतो. आणखी एक काळजी: एआय कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं, म्हणजे तयार कोडच्या संचाचं, नाव सुचवतं, आणि तशा नावांनी घातक पॅकेज टाकून ठेवणारे लोक आहेत. पायथनमध्ये पिप इन्स्टॉल करण्याआधी पॅकेजचं पान उघड, पहिली आवृत्ती कधीची आहे आणि मूळ कोड कुठे आहे ते बघ.

आता मामांची फाउंड्री. इथे मत चुकलं तर नुकसान दुसऱ्याचं होतं, म्हणून नीट वाच. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वैयक्तिक ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, कंपन्यांना ती वेगळी विकत घ्यावी लागतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आधी प्रत्येक पीसीचं काम लिहून काढ, मगच ऑपरेटिंग सिस्टिमचं ठरव.

ऑफिसच्या पीसीवर टॅली असणार, आणि टॅली विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हरही तिथेच बसलेला. तेव्हा ते पीसी विंडोज ११ वर जाऊ दे, हार्डवेअर जुनं असेल तर बदलायचा खर्च धर. ईमेल आणि ब्राउझरपुरता एखादा पीसी असेल तर तो खुशाल लिनक्सवर ने. सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या कटाई यंत्राला) प्रोग्रॅम पाठवणारा पीसी या दोन्हींच्या मध्ये येतो: यंत्राच्या जुन्या कंट्रोलरला नेटवर्कवर फाइली पाठवणाऱ्या एसएमबीची पहिली, असुरक्षित आवृत्तीच समजत असेल तर ती ऑफिसच्या नेटवर्कवर चालू ठेवू नकोस. मध्ये एक छोटं मशीन ठेव. त्याच्या एका नेटवर्क कार्डावर जुनं शेअर, दुसऱ्यावर नवं, आणि फाइली एकाच दिशेने जाऊ दे.

स्पेक्ट्रोच्या, म्हणजे धातूची रासायनिक तपासणी करणाऱ्या यंत्राच्या, पीसीची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची नाही. त्याचं सॉफ्टवेअर, कार्डाचा ड्रायव्हर, लायसन्सचा डोंगल आणि कॅलिब्रेशनच्या फाइली हे सगळं उत्पादकाने एका ठरावीक विंडोजवर बसवलेलं असतं. तो बंद पडला तर नमुन्याचा रिपोर्ट मिळत नाही, आणि रिपोर्ट नाही तर धातू ओतता येत नाही. इंडक्शन भट्टीत रस धरून ठेवावा लागतो, वीज जळत राहते, रसातलं कार्बन-सिलिकॉनचं प्रमाण बदलतं. म्हणून या पीसीचं इंटरनेट पूर्ण तोड, त्याला वेगळ्या स्विचवर किंवा वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाक, रिपोर्ट बाहेर जायचे असतील तर फक्त एका सर्व्हरच्या एका पोर्टला परवानगी दे. पेनड्राइव्ह हा या पीसीचा खरा शत्रू आहे. एकच पेनड्राइव्ह ठरवून ठेव आणि तो आधी दुसऱ्या मशीनवर तपासला जाऊ दे.

काहीही बदलण्याआधी प्रत्येक पीसीच्या पूर्ण डिस्कची इमेज काढ, त्यासाठीचं क्लोनझिला हे सॉफ्टवेअर मोफत आहे. इमेज काढली म्हणजे काम झालं असं समजू नकोस. तेवढ्याच किंवा मोठ्या आकाराच्या कोऱ्या डिस्कवर ती चढव, ती डिस्क त्याच पीसीत लाव, आणि एका ज्ञात नमुन्याचं विश्लेषण करून जुन्या रिपोर्टशी ताडून बघ. हे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, भट्टी थंड असताना करायचं. लायसन्स डिस्कच्या क्रमांकाला बांधलेलं असेल तर ते याच वेळी कळतं, आणि उत्पादकाकडून नवी की मागवायला वेळ मिळतो. इमेजच्या दोन प्रती ठेव: एक कारखान्यात, जमिनीपासून उंच कपाटात, आणि दुसरी मामांच्या घरी शहरात. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता आणि शहरातून कुणी तिकडे पोचू शकत नव्हतं. अशा वेळी कारखान्यातल्या माणसालाच डिस्क बदलून पीसी चालू करता यायला हवा, म्हणून पायऱ्या मराठीत एका कागदावर लिहून, बिटलॉकर चालू असेल तर तिची की कुठे ठेवली आहे तेही नोंदवून, तो कागद कपाटात इमेजच्या डिस्कबरोबर ठेव. आणि पायऱ्या लिहून झाल्या की एकदा तू बाजूला उभा राहा आणि त्या माणसाला एकट्याला करू दे.